‘कॅमेऱ्यासारखे’ म्हणजे कोणत्या कॅमेऱ्यासारखे?

मराठी समीक्षेत एक शेरा कित्येक वर्षे बिनभाड्याने राहतो आहे. ग्रामीण कथा असो, दलित आत्मकथन असो वा भटक्या-विमुक्तांचे लेखन, ‘कॅमेऱ्याने टिपावे तसे वास्तव’ हे वाक्य कुठेतरी येतेच. लेखाच्या आरंभी ते कौतुक असते, अखेरीस त्याचाच आरोप होतो: लेखक नुसता टिपतो, घडवत नाही. शहरी मध्यमवर्गीय कादंबरीला मात्र हा शेरा सहसा लागत नाही. तिथे ‘दृष्टिकोन’ असतो, ‘रचना’ असते. मराठवाड्यातल्या लेखकाकडे काय, तर कॅमेरा!

विद्यार्थ्यांच्या टिपणांत हे वाक्य आले की मीही पूर्वी नजर पुढे सरकवीत असे. आता थांबतो. कारण मधल्या काळात मी एक जुने भिंग विकत घेऊन मोठ्या लाकडी कॅमेऱ्यावर बसवण्याचा उद्योग केला.

भिंग होते छापखान्यातले. ऑफसेट छपाईसाठी पानाची निगेटिव्ह काढायला पूर्वी खोलीभर ‘प्रोसेस कॅमेरा’ असे. संगणकावरून थेट प्लेट निघू लागल्यावर हे कॅमेरे भंगारात गेले आणि त्यांची भिंगे वजनावर विकली गेली. माझे भिंग २४० मिलिमीटरचे, सगळ्यात मोठे छिद्र एफ ९, शटर नाहीच. विक्रेता पुढच्या काचेवरचा ओरखडा लपवू पाहत होता आणि कंपनीचे नाव पुन्हापुन्हा दाखवत होता. वास्तविक एखाद्या बारीक ओरखड्याने चित्राचे फारसे बिघडत नाही. पाहायचे ते बॅटरी मागून धरून: आत बुरशीचे जाळे आहे का, चिकटवलेल्या काचांचा जोड सुटून कडेला इंद्रधनुष्य उमटते का, धुरकट पापुद्रा आहे का. नाव पाहून भिंग घेणारा आणि नाव पाहून पुस्तक वाखाणणारा यांची जातकुळी एकच. असो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, हे भिंग प्रकाशाचे केवढे वर्तुळ टाकते? चार बाय पाच इंची फिल्मचा कर्ण सुमारे १६० मिलिमीटर. वर्तुळ त्याहून मोठे हवे, आणि भिंग वर-खाली सरकवायचे असेल तर बरेच मोठे. सपाट पानाची एकास एक नक्कल करण्यासाठी घडवलेले भिंग दूरचे दृश्य पाहू लागले की त्याचे वर्तुळ निम्म्यावर येते.

बसवताना कळले की भिंगाची आट्यांची कडीच हरवली आहे. ते घेऊन चिकलठाण्याला एका लेथवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “सर, आट्यांचा पिच माहीत नसेल तर भिंग ठेवून जा, अंदाजाने होत नाही हे.” दोन दिवसांनी पितळी कडी मिळाली. सुताराने फळीला भोक पाडून दिले, आतून काळा रंग मी दिला. मग अंधाऱ्या खोलीत भात्यात दिवा लावून उजेड कुठून पाझरतो ते शोधत बसलो.

आता ‘हुबेहूब’ या शब्दाकडे येऊ. या भिंगाने दूरचे दृश्य घ्यायचे तर भाता २४० मिलिमीटर ताणावा लागतो. वस्तू आहे तेवढीच फिल्मवर उतरवायची, अगदी एकास एक, तर ४८० मिलिमीटर. आणि तेव्हा उजेड चौथाईवर येतो, म्हणून वेळ चौपट द्यावा लागतो. जसेच्या तसे उतरवणे हे कॅमेऱ्याचे सगळ्यात कष्टाचे काम आहे. आमच्या समीक्षकांना ते सगळ्यात सोपे वाटते.

पहिले चित्र भडकल दरवाजाचे घेतले. कॅमेरा वर कलवला की दरवाजा मागे रेलतो. तो उभा दिसावा म्हणून कॅमेरा सपाट ठेवून पुढची फळी उचलावी लागते. मी ती जास्त उचलली आणि चित्राचे वरचे कोपरे काळे झाले. दरवाजा रेललेला खरा की कोपरे गमावून ताठ उभा तो खरा? त्यात पहाटेचा मंद उजेड, छिद्र बारीक, शटर नाही. टोपण काढून आठ आकडे मोजले आणि परत लावले. त्या आठ सेकंदांत कामाला निघालेली माणसे, सायकली, एक रिक्षा समोरून गेली. चित्रात त्यांतले कोणी नाही. थांबून तंबाखू मळणारा एक गृहस्थ तेवढा उमटला. दागेरने १८३८ साली पॅरिसचा हमरस्ता टिपला तेव्हाही असेच झाले होते: वाहती रहदारी पुसली गेली, बूट पुसून घेत उभा असलेला माणूस राहिला.

आणखी जवळचे उदाहरण अजिंठ्याचे. रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला रंगवत होता. त्यांतल्या बऱ्याच १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. दरम्यान त्याने कॅमेराही हाती घेतला होता. पण त्या काळच्या ओल्या काचेच्या प्लेटांना निळा रंग दिसे, तांबडा जवळजवळ नाहीच. अजिंठ्याचा गेरू त्यांच्या लेखी काळोख होता. ज्याला ‘तटस्थ’ म्हणतात त्या यंत्राची ही कथा.

कोणी म्हणेल, अहो, हा साधा अलंकार आहे, एवढे काय मनावर घ्यायचे? पण याच अलंकाराच्या आधारे अर्धे मराठी साहित्य ‘दस्तऐवज’ म्हणून बाजूला ठेवले जाते. ‘बलुतं’ १९७८ चे. त्यात आरंभीच दगडू मारुती पवार आणि दया पवार समोरासमोर बसतात. एकाच माणसाचे दोन भाग, एक सांगतो, दुसरा ऐकतो. कुठे उभे राहून पाहायचे याचा निर्णय पहिल्याच पानांत घेतलेला आहे. या शहरातून गंगाधर पानतावणे यांनी दीर्घकाळ ‘अस्मितादर्श’ चालवले. त्यातले लेखन वाचताना कोणी काय गाळले, कशाला जवळ आणले, कशापुढे किती वेळ थांबले, हे प्रश्न आम्ही वर्गात किती वेळा विचारले? मी स्वतः फारसे विचारले नाहीत, हे कबूल करतो. जातीचा, गावकुसाचा तपशील फळ्यावर लिहून मोकळा झालो.

हल्ली टिपणांत ‘कॅमेऱ्यासारखे’ दिसले की समासात ‘कोणत्या?’ एवढेच लिहितो. मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी जाब विचारायला आली. तिला गच्चीवर नेऊन काळ्या कापडाखाली डोके घालायला सांगितले. बराच वेळ ती आतच होती. मग आतूनच आवाज आला, “सर, शेजारच्यांची पाण्याची टाकी उलटी लोंबकळतेय.”