जेलस म्हणू नका, हेवा म्हणा

सध्या आमच्या वर्गात एक शब्द फार झाला आहे. कुणी नवी कंपासपेटी आणली की दुसरी लगेच म्हणते, "मी जेलस झाले." माझे मत असे आहे की, हा शब्द आपण चुकीच्या जागी वापरतो.

गुरुजींनी शब्दकोश काढून दाखवला. इंग्रजीत दोन शब्द आहेत. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही म्हणून जे वाटते, ती एन्व्ही. आणि जे आपले आहे ते दुसरा कोणी घेऊन जाईल ही भीती, ती जेलसी. म्हणजे कंपासपेटीची एन्व्ही. धाकटा भाऊ झाल्यावर आजी त्यालाच मांडीवर घ्यायला लागली आणि मी दाराआड जाऊन रडले, ती जेलसी. इंग्रज लोकसुद्धा यात गल्लत करतात म्हणे. मग आपलं काय!

पण मला त्याहून मोठा फरक आपल्याच भाषेत सापडला. हेवा आणि मत्सर.

आमचे गाव सुप्याकडच्या जिराईत भागात. पाऊस कमी झाला की उन्हाळ्यात टँकर येतो, आम्ही हंडे-कळश्या रांगेत लावतो. माझे मामा इंदापूर तालुक्यात सणसरला. तिकडे नीरा डावा कालवा आहे, सगळे त्याला कॅनॉलच म्हणतात. भाटघर आणि वीर धरणाचे पाणी त्यात येते. जिकडे बघावे तिकडे ऊस. मामाची मुलगी मे महिन्यात पाइप लावून म्हैस धूत होती. मी नुसती बघत राहिले. आमच्याकडे म्हशीला प्यायलाच पाणी मोजून. वाटले, असा कॅनॉल आमच्या गावाला असता तर! हा हेवा. यात काय वाईट आहे?

मग सागरगोट्यांवरून आमचे भांडण झाले. ती म्हणाली, "तुमच्यात तर आंघोळीला पण पाणी नसतं." मी म्हणलं, "तुमचा कॅनॉल आटू दे, मग कळंल." मामी भाकरी थापत होती. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला घास गिळेना. हा मत्सर. कॅनॉल आटून मला एक थेंब मिळणार नव्हता, फक्त त्यांचे जाणार होते. कीर्तनात सहा शत्रू सांगतात. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. मी बोटावर मोजले, त्यात हेवा नाही.

घरी आजीला सांगितले. आजी म्हणाली, "अगं, 1972 च्या दुष्काळात मी तुझ्याएवढी होते. मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायची, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. पण गुरांना वैरणीची काडी नव्हती. माझ्या माहेरचे दोन बैल कॅनॉलकडच्या पाहुण्यांनी सांभाळले. तेव्हा कॅनॉल आटला असता तर बैल कुठं नेले असते?"

वर्गात काहीजण म्हणतात, हेवा वाढला की त्याचाच मत्सर होतो. मला नाही पटत. हेवा वाटला म्हणून तर मी मामांना विचारले की आमच्याकडे कॅनॉल का नाही. ते म्हणाले, पाणी उताराने जाते, तुमचा भाग चढावर, म्हणून तिकडे जानाई-शिरसाई उपसा योजना आहे. पंपाने पाणी वर चढवतात. मत्सर वाटणारा असे विचारत बसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा सणसरला जाणार आहे. मामीला काय म्हणायचे ते अजून ठरत नाही. मामाच्या मुलीला मात्र सांगणार आहे, "मला तुमच्या कॅनॉलचा हेवा वाटतो." जेलस नाही म्हणणार.