भरतीच्या वेळी थवा उडवू नका

नाताळची सुट्टी तोंडावर आली आहे. अलिबाग, आक्षी, नागाव, हर्णै, गुहागर इथल्या खोल्या भरतील आणि बऱ्याच बॅगांमध्ये लांब लेन्स असतील. लोक पक्ष्यांसाठी किनाऱ्यावर येऊ लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एका फोटोपायी आपण त्याच पक्ष्यांची विश्रांती मोडतो आहोत. म्हणून निघण्याआधी एवढं वाचा.

आक्षीला सुरूच्या बनासमोर भरतीच्या वेळी लांबूनच पाहा. पाणी चढत जातं, वाळूचा पट्टा अरुंद होतो आणि त्या चिंचोळ्या जागेत चिखले, तुतवार, कुरव, सुरय दाटीवाटीने बसतात. तोंडं वाऱ्याकडे, एक पाय पोटाशी घेतलेला, कुणाची चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. त्यांचा दिवस घड्याळावर नाही, पाण्यावर चालतो. ओहोटीला ओल्या वाळूतले किडे, छोटे खेकडे, शिंपले टिपायचे आणि भरतीत अंग टेकायचं. ओहोटी रात्री आली तर रात्रीही चरायचं. यातला मूठभर आकाराचा चिखल्या तिबेट आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवरून आलेला असतो, तर बाकदार चोचीचा तुतवार थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून. परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी त्यांना इथल्याच वाळूतून मिळवायची असते.

नेमक्या अशा वेळी कुणीतरी ‘फ्लाइट शॉट’साठी टाळ्या वाजवतं, खडा भिरकावतं, नाहीतर लहान पोराला थव्यात पळायला सांगतं. थवा उठतो, समुद्रावर वळसा घालतो आणि पुन्हा तिथेच उतरतो, कारण भरतीत दुसरी कोरडी जागा उरलेली नसते. तेवढ्यात दुसरा ग्रुप येतो. मग ड्रोन. मग वाळूवरून धावणारी जीप. सकाळभर हेच चालतं आणि कमावलेली ताकद पक्षी आपल्या हौसेपायी उधळत राहतात. मुद्दाम उडवलेल्या थव्याचा फोटो कितीही देखणा असो, स्पर्धांच्या परीक्षकांनी तो बाजूला काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

चांगला फोटो याशिवायही मिळतो, उलट जास्त चांगला मिळतो. कोकणातला जुनाजाणता कोळी सांगेल: तिथीची पाऊणपट करा, साधारण ती भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, त्रयोदशीला पावणेदहाला. त्रयोदशीच्या आसपासची सकाळ निवडा. उजाडताच वाळूवर पोटावर पडून राहा आणि हलू नका. आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येऊन थेट पक्ष्यांवर पडतं. पाणी चढू लागलं की चरणारे पक्षी त्याच्यासोबत वर सरकतात आणि आपणहून तुमच्याकडे येतात. चरणं थांबवून त्यांनी माना वर केल्या, की समजा, तुम्ही फार जवळ आहात. तिथेच थांबा किंवा मागे सरका. आणि पूर्ण भरतीच्या तासभर आधी, एकदम उभं न राहता, रांगत मागे येऊन ती जागा त्यांना मोकळी करून द्या.

मांडव्याच्या फेरीबोटीवरून कुरवांना गाठ्या, वेफर्स फेकून जवळ बोलावणंही थांबवा. ते तेलकट-खारट खाणं त्यांचं नाही.

काकणाबद्दल वेगळं आणि कळकळीने सांगतो. पांढऱ्या पोटाचा हा समुद्रगरुड किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर घरटं बांधतो आणि हिवाळ्यात त्या घरट्यात अंडी किंवा पिल्लं असू शकतात. त्या झाडाखाली घोळका करू नका, ड्रोन तर मुळीच उडवू नका आणि फोटो टाकताना गावाचं, वाडीचं नाव किंवा लोकेशन देऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केलेल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही येतं. रात्री वाळूवर अंडी घालायला आलेलं ऑलिव्ह रिडले कासव दिसलं, तर फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा, लांब उभे राहा आणि गावातल्या कासवमित्रांना कळवा.

तुमच्या फोटोंचा खरा उपयोगही होऊ शकतो. पायात कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला, तर पाय फ्रेममध्ये येतील असा फोटो घ्या आणि तारीख-ठिकाणासह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यात जवळच्या पक्षीमित्रांबरोबर उतरा.

शेवटची विनंती किनाऱ्यावरच्या घरगुती निवासवाल्यांना आणि ग्रामपंचायतींना. २५ डिसेंबरच्या आत किनाऱ्याच्या वाटेवर एक फळा लावा. त्यावर रोजची भरतीची वेळ लिहा आणि खाली ठळक अक्षरांत: गाडी वाळूवर नेऊ नये, कुत्रा मोकळा सोडू नये, बसलेला थवा उडवू नये. पाहुण्याला खोलीची किल्ली देताना हेच तोंडीही सांगा.