पार्टिशन बदललं आणि कॉम्प्युटर उघडेना? आधी 'फॉरमॅट'वरचा हात काढा

एकाच लॅपटॉपवर विंडोजही आणि लिनक्सही, ही सोय आता फक्त इंजिनीअरिंगच्या मुलांपुरती राहिलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. ज्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, तिथे विंडोज तसंच ठेवून शेजारी उबंटू किंवा लिनक्स मिंट बसवायचं, हा मार्ग घरोघरी दिसू लागला. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर यादी येते, बाणाच्या बटणाने हवं ते निवडायचं. बाबांचं ऑफिसचं काम विंडोजवर, मुलीचं कॉलेजचं प्रोग्रॅमिंग उबंटूवर.

मग काही महिन्यांनी जागा कमी पडते. उबंटूला दिलेले ४० जीबी भरतात, विंडोजच्या सी ड्राइव्हमध्ये मात्र १५० जीबी रिकामे असतात. तिथून थोडी जागा इकडे सरकवू, असं ठरतं. प्रोग्रॅम उघडतो, माउसने पट्टी ओढली जाते, मशीन रीस्टार्ट होतं आणि काहीच उघडत नाही. त्या डिस्कवर घरातले दहा वर्षांचे फोटो, इन्कम टॅक्सची कागदपत्रं आणि कुणाचा तरी अर्धवट प्रोजेक्ट असतो.

अशा वेळी एक गोष्ट आधी समजून घ्या. बहुतेक वेळा तुमच्या फाइल्स जिथे होत्या तिथेच असतात. नुकसान होतं ते बऱ्याचदा त्यानंतरच्या घाईत.

बांध आणि सातबारा

दोन भावांत वाटलेलं एक शेत डोळ्यांसमोर आणा. शेत म्हणजे डिस्क, मधले बांध म्हणजे पार्टिशनच्या हद्दी. कुणाची हद्द कुठून कुठपर्यंत, हे लिहिलेला सातबारा म्हणजे पार्टिशन टेबल. हे टेबल डिस्कच्या अगदी सुरुवातीला असतं. जीपीटी नावाच्या नव्या पद्धतीत त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. शेतातलं पीक म्हणजे तुमच्या फाइल्स. त्या कोणत्या सरीत आहेत याची नोंद प्रत्येक भाऊ आपापल्या वहीत ठेवतो, ती वही म्हणजे फाइल सिस्टिम. विंडोजची वही एनटीएफएस, लिनक्सची बहुतेक ठिकाणी ईएक्सटी४.

आता गोची अशी, की विंडोजला लिनक्सची वही वाचताच येत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर लिनक्सचं पार्टिशन नुसता नाव नसलेला तुकडा म्हणून दिसतं. कधी त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळतं आणि त्यावर क्लिक केलं की विंडोज विचारतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? तो संदेश बिघाड झाल्याचा नसतो. 'मला यातलं काही कळत नाही' एवढंच विंडोज सांगत असतं, पण सांगतं अशा शब्दांत की माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. इथे रद्द करा, बस.

एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर ही चूक जास्त महागात पडते. फॉरमॅट करताना एसएसडीला 'ही जागा आता रिकामी समज' असा निरोप जातो आणि ती आतून साफ होऊ लागते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही बरंच काही परत मिळायचं, एसएसडीवर ती आशा फार थोडी.

दुरुस्तीच्या दुकानाबद्दलही इथेच सांगते. 'फॉरमॅट मारून देतो, एकदम नव्यासारखा चालेल' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यात दुकानदाराचा वाईट हेतू नसतो, त्याच्यासाठी तो खात्रीचा आणि झटपट उपाय असतो. म्हणून मशीन देतानाच स्पष्ट सांगा, 'डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही', आणि पावतीवर तसं लिहून घ्या.

हातात हवा एक पेन ड्राइव्ह

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट उतरवून घ्या. बिघडलेलं मशीन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केलं की मिंट डिस्कला हात न लावता चालतं. त्यात फाइल्स पाहायची सोय आहे, पार्टिशन दाखवणारा जीपार्टेड आहे आणि बूट दुरुस्त करणारा बूट रिपेअरही आधीपासून आहे. पहिलं काम दुरुस्तीचं नाही. फोल्डर उघडून पाहा, फोटो आणि कागदपत्रं दिसतात का? दिसत असतील तर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. एक संध्याकाळ जाईल, जाऊ द्या. त्यानंतर जे काही कराल ते निवांत मनाने कराल.

बिघाड नेमका कुठे आहे, हे लक्षणांवरून ओळखता येतं.

काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' असे शब्द दिसले, तर सुरुवातीची यादी दाखवणारा ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम आपलं घर शोधतो आहे. त्याची उरलेली फाइल्स लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतात. ते पार्टिशन पुसलं गेलं किंवा त्याचा क्रमांक बदलला, की तो वाट चुकतो. पार्टिशन जाग्यावर असेल तर मिंटच्या पेन ड्राइव्हमधला बूट रिपेअर उघडा आणि त्याने सुचवलेली दुरुस्ती करू द्या. बहुतेकांचं काम इथेच होतं. एक काळजी घ्या. तुमचं विंडोज यूईएफआय पद्धतीने चालत असेल, तर पेन ड्राइव्हही यूईएफआयमधूनच सुरू करा. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेला निवडा. नाहीतर दुरुस्ती भलत्याच पद्धतीची होते आणि मशीन तसंच राहतं.

उबंटू उघडतं, पण उघडताना दीड मिनिट नुसतं थांबून राहतं? मग एखादं पार्टिशन नाहीसं झालेलं असतं आणि उबंटू त्याची वाट बघत असतं. जुन्या पद्धतीच्या सेटअपमध्ये स्वॅप नावाचं वेगळं पार्टिशन असायचं. जागा वाढवताना ते पुसून पुन्हा बनवलं, की त्याचा ओळख क्रमांक बदलतो. यादीत मात्र जुनाच क्रमांक राहतो. ही यादी 'एफएसटॅब' नावाच्या फाइलमध्ये असते. त्यातल्या स्वॅपच्या ओळीच्या सुरुवातीला हॅश म्हणजे # हे चिन्ह टाकलं, की ती ओळ वगळली जाते आणि वाट बघणं थांबतं. डेटाला यात काहीच धोका नसतो.

पार्टिशन मोठं केलं, तरी उबंटू जागा भरल्याचंच सांगतंय? म्हणजे बांध सरकला पण वही अपडेट झाली नाही. पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड उघडा, त्या पार्टिशनवर राइट क्लिक करून 'चेक' निवडा आणि वरचं हिरवं टिकचिन्ह दाबा. जीपार्टेड आधी फाइल सिस्टिम तपासतो आणि मग ती पार्टिशनच्या हद्दीपर्यंत वाढवतो.

उलट प्रकार जास्त गंभीर. जागा कमी करताना आधी वही आखडती घ्यायची आणि मगच बांध आत सरकवायचा, असा क्रम असतो. कुणी हाताने कमांड देऊन थेट बांधच आत घेतला, तर फाइल सिस्टिम म्हणते मी ६० जीबीची, आणि पार्टिशन म्हणतं मी ४० चा. लिनक्स ते उघडायला नकार देतं आणि आकार जुळत नसल्याचा इशारा देतं. तपासणीचा प्रोग्रॅम अशा वेळी 'अबॉर्ट?' म्हणजे 'थांबू का' असं विचारतो. हो म्हणा. त्या २० जीबींत दुसरं काही लिहिलेलं नसेल, तर बांध पुन्हा जुन्या जागी नेला की सगळं जसंच्या तसं उघडतं. तपासणी त्यानंतर.

आणि पार्टिशनच नाहीसं झालं असेल तर? फ्रान्सच्या क्रिस्टोफ ग्रेनिए यांनी बनवलेला टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्रॅम यासाठीच आहे. दिसायला अगदी जुनाट, माउसही चालत नाही, पण कामाला पक्का. तो डिस्कभर हिंडून जुन्या हद्दींच्या खुणा शोधतो. सापडलेल्या पार्टिशनवर पी हे अक्षर दाबलं की आतल्या फाइल्सची यादी दिसते. ओळखीची नावं दिसली, तरच 'राइट' निवडायचं. नावं दिसली नाहीत तर काही न लिहिता बाहेर पडा आणि 'डीपर सर्च' करून बघा. तोपर्यंत त्या डिस्कवर एकही नवी फाइल साठवायची नाही.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा कॉपी सारखी अडकत असेल, तर मात्र यातलं काहीच करू नका. तो पार्टिशनचा नाही, डिस्कचाच आजार आहे. मशीन बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

विंडोजच्या गोष्टी विंडोजकडे

पार्टिशन अजून बदललं नसेल आणि बदलायचं असेल, तर एक नियम माझ्या मते सगळ्यांत उपयोगी आहे. विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच लहान-मोठं करावं, लिनक्सचं लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून. एकाने दुसऱ्याच्या शेतात नांगर घालू नये.

सी ड्राइव्ह लहान करताना डिस्क मॅनेजमेंट कधी कधी अगदी थोडीच जागा सोडायला तयार होतं. १५० जीबी रिकामे आणि सोडणार २० जीबी! याचं कारण हायबरनेशन, पेजिंग आणि रिस्टोर पॉइंटच्या फाइल्स मध्येच बसलेल्या असतात आणि विंडोज सुरू असताना त्या हलत नाहीत. या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद करून मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

त्याआधी बिटलॉकर बघा. अनेक नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. बूटच्या व्यवस्थेत बदल झाला, की निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सुरू केला त्यात साठवलेली असते. आता ते अकाउंट बाबांचं होतं की कॉलेजला गेलेल्या दादाचं, हे आधीच शोधून ठेवा. किल्ली कागदावर लिहा आणि काम होईपर्यंत बिटलॉकर 'सस्पेंड' करा.

दुसरी अडचण जागेच्या दिशेची. सी ड्राइव्ह लहान केला की मोकळी जागा त्याच्या उजव्या बाजूला तयार होते, म्हणजे उबंटूच्या डावीकडे. उबंटू डावीकडे वाढवायचं म्हणजे त्याची सुरुवातच हलवायची आणि आतलं सगळं मागे सरकवायचं. जीपार्टेड हे करतो, पण त्याला तास-तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेली तर अर्धं पीक एका जागी आणि अर्धं दुसऱ्या जागी. चार्जर लावलेला असावा, बॅटरी पूर्ण असावी, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. मला विचाराल तर मी ही हलवाहलव टाळेन. त्या मोकळ्या जागेत नवं पार्टिशन बनवून उबंटूचे फोटो, व्हिडिओ आणि डाउनलोड तिकडे ठेवले, तरी काम भागतं. एकही बांध हलत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मशीनवर आणखी एक सापळा असतो. तिथल्या एमबीआर पद्धतीत जास्तीत जास्त चार मुख्य पार्टिशन बनतात. पाचवं बनवायला गेलं की विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करायची का, असं अगदी सहज विचारतं. 'हो' म्हटलं की लिनक्स उघडणं अवघड होऊन बसतं. नाही म्हणायचं.

प्रत्येक बंद पडलेल्या ड्युअल बूटचा दोष पार्टिशनला देऊ नका, हेही सांगायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर कितीतरी मशीनवरचं लिनक्स उघडेना, आणि त्यात डिस्कच्या हद्दी कुणी हलवलेल्या नव्हत्या. पडद्यावर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं काही दिसलं, तर तो सिक्युअर बूटचा प्रश्न आहे. बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून पाहा, मगच डिस्ककडे वळा. मात्र बिटलॉकर चालू असेल तर त्या बदलानेही किल्ली मागितली जाऊ शकते.

सगळं सुरळीत झाल्यावर एखाद वेळी उबंटूमधून विंडोजच्या डी ड्राइव्हवर फाइल ठेवता येत नाही, फक्त वाचता येते. इथे काहीच मोडलेलं नसतं. विंडोज बंद करताना 'फास्ट स्टार्टअप'मुळे ते पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि आपली वही उघडीच ठेवतं, म्हणून लिनक्स त्यात लिहायला धजावत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या सेटिंगखाली फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. विंडोज एकदा पूर्ण बंद करा आणि मग उबंटू उघडून बघा, डी ड्राइव्हवर फाइल ठेवता येईल. विंडोज सुरू व्हायला आता काही सेकंद जास्त लागतील, एवढंच.