ठाऊक कोणाला होते?

पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस ही सॉफ्टवेअर कंपनी दोन वर्षांनी बेंगळुरूला गेली. त्या काळात सहसंस्थापक नारायण मूर्ती आणि त्यांच्या पत्नी सुधा यांनी जयनगरमध्ये राहायला एक लहानसे घर भाड्याने घेतले आणि कंपनीच्या मुख्यालयासाठी दुसरे. एवढ्याशा पसाऱ्यात कोणाला काय ठाऊक आहे, हे शेजारच्या टेबलापर्यंत गेले की कळते. माणसे हजारांत आणि पुढे लाखांत गेली की तसे चालत नाही. एका गटाने केलेली चूक दुसरा गट नव्याने करतो, राजीनामा देणारा अनुभव सोबत घेऊन जातो आणि ज्याने नियम वाचलेला असतो त्याच्या हाती निर्णय नसतो. यावर इलाज म्हणून उद्योगांनी ‘ज्ञान व्यवस्थापना’चा विभाग काढला. कायद्याचा धाक वाढला तसा ‘अनुपालना’चा दुसरा निघाला आणि जोखमीचा तिसरा. तिघांची दालने वेगळी, अहवाल वेगळे. संस्थेला काय ठाऊक आहे आणि ते योग्य माणसाला वेळेवर कळते का, हा प्रश्न मात्र तिघांचाही आहे. तो तीन ठिकाणी वाटला गेला की कोणाचाच उरत नाही.

इन्फोसिसचेच उदाहरण घेण्याजोगे आहे, कारण ज्ञान व्यवस्थापनात ती देशात अग्रेसर मानली गेली. १९९२ पासून तिथे कामाचे अनुभव लिहून ठेवण्याची पद्धत होती. पुढे ‘के-शॉप’ नावाचे अंतर्गत संकेतस्थळ आले. त्यावर टिपण टाकणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला गुण मिळत व त्या गुणांच्या बदल्यात वस्तू. झाले असे की टिपणांचा पूर आला, तपासणारे त्याखाली दबले आणि दर्जा घसरू लागला. कंपनीने वेळीच गुणांचे नियम बदलले. साठा वाढला म्हणून शहाणपण वाढत नाही, हा धडा तिथे गिरवला गेला.

तरीही ऑक्टोबर २०१३ मध्ये याच कंपनीला अमेरिकी सरकारशी ३.४ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. व्यवसाय-भेटीच्या ‘बी-१’ व्हिसावर माणसे पाठवून त्यांच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेतले, हा मुख्य आरोप कंपनीने फेटाळला. पण कर्मचारी काम करण्यास पात्र असल्याची खातरजमा नोंदवणाऱ्या ‘आय-९’ अर्जांतील त्रुटी तिने मान्य केल्या. म्हणजे सॉफ्टवेअरमधील खाचाखोचा टिपून ठेवणाऱ्या संस्थेत एक साधा सरकारी अर्ज नीट भरून जपला गेला नव्हता. सरकारने केलेल्या आरोपांतील आणखी एक मुद्दा याहून बोलका आहे. निमंत्रणपत्रात ‘काम’ वाटेल असे शब्द घालू नका, अशा सूचनांचे टिपण कर्मचाऱ्यांत फिरवले गेले, असा तो आरोप होता. कर्मचाऱ्यांचे काम सोपे करणारी अशी टिपणे प्रत्येक कंपनीत असतात. ती कायद्याच्या चष्म्यातून कोणी वाचली नाहीत, तर उद्या तीच फिर्यादीच्या हाती लागतात.

दुसरा प्रसंग २०२४ चा. व्हॅनगार्ड या अमेरिकी गुंतवणूक कंपनीशी जुलै २०२० मध्ये झालेला करार इन्फोसिसने शेअरच्या भावावर परिणाम करणाऱ्या अप्रकाशित माहितीत धरला नव्हता. त्यासाठीची अंतर्गत व्यवस्था पुरेशी नव्हती, हा भांडवली बाजाराची नियामक असलेल्या ‘सेबी’चा आक्षेप मुख्य कार्यकारी अधिकारी सलील पारेख यांनी आरोप मान्य वा अमान्य न करता २५ लाख रुपये भरून मिटवला. रक्कम किरकोळ आहे, पण मुद्दा तसा नाही. अशी माहिती कोणाला, केव्हा दिली याची नोंदवही प्रत्येक सूचीबद्ध कंपनीने स्वतःकडे ठेवावी, नोंदीवर वेळ उमटावी आणि मागाहून तीत फेरफार करता येऊ नये, असा ‘सेबी’चा नियम आहे. पण माहिती संवेदनशील आहे हेच वेळेवर ठरले नाही, तर नोंदवही कोरी राहणार. ते ठरवायचे तर करार जुळवणारे आणि नियम जाणणारे एका टेबलावर बसायला हवेत. सौदा पक्का झाल्यावर अनुपालन अधिकाऱ्याला कळवणे म्हणजे वरातीमागून घोडे.

माहिती योग्य ठिकाणी न पोचण्याची दुसरी, विदारक बाजू महाराष्ट्राने सप्टेंबर २०१९ मध्ये पाहिली. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत ४४ खात्यांतील थकीत कर्जे २१,०४९ बनावट खात्यांआड दडवली गेली होती. खरे चित्र मूठभरांना ठाऊक होते. रिझर्व्ह बँकेपुढे मात्र वेगळेच कागद येत. झाकली मूठ उघडली तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. बँकेत संगणक होते, नियमावली होती, समित्याही होत्या. शंका आलेल्या कर्मचाऱ्याने ती निर्भयपणे कुठे नोंदवावी, हा प्रश्न मात्र उरतोच.

मग सगळेच जपून ठेवावे काय? तेही परवडणारे नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा हेतू संपलेली माहिती पुसायला सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. उलट चुकीच्या वेळी पुसलेले कागदही गळ्याशी येतात. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची चौकशी घोंगावत असताना कागद नष्ट करणारी आर्थर अँडरसन ही लेखापरीक्षण संस्था त्यातच बुडाली. तिला दोषी ठरवणारा निकाल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केला, पण तोवर संस्था उरली नव्हती. आता कंपन्यांची जुनी दप्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली होत आहेत. रद्द झालेले परिपत्रक आणि चालू परिपत्रक यांतला फरक दप्तरातच नोंदवलेला नसेल, तर यंत्र दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने वाचून दाखवील.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक नियमपत्रिकेवर जबाबदार माणसाचे नाव आणि फेरविचाराची तारीख असावी. नोकरी सोडणाऱ्याकडून लॅपटॉपबरोबर अपुऱ्या आणि वादग्रस्त बाबींचे लेखी टिपणही घ्यावे. बैठकीच्या इतिवृत्तात निर्णयासोबत हरकतही लिहावी. संचालक मंडळाने ज्ञान, अनुपालन आणि जोखीम यांचे तीन गुळगुळीत अहवाल वेगवेगळे ऐकणे थांबवून तिन्ही प्रमुखांना एकत्र बसवावे. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या संचालकांना तर हे बंधनकारकच हवे, कारण तिथे बुडतो तो सामान्यांचा घामाचा पैसा. ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे सांगणाऱ्या संचालकाला आजवर सहानुभूती मिळत आली. ठाऊक करून घेण्यासाठीच त्याला त्या खुर्चीत बसवलेले असते, तेव्हा हे उत्तर बचाव म्हणून न स्वीकारता कर्तव्यच्युतीचा कबुलीजबाब म्हणून नोंदवायला नियामकांनी सुरुवात करावी.