मधुचंद्र आणि समुद्राचे पंचांग

लग्नाची तिथी काढण्यासाठी आपल्याकडे पंचांग उघडतात. तिथी निघाली की त्यानंतर नवरानवरीने कोठे जावे, हा प्रश्न मात्र प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांवर सोपवून वडीलधारी मंडळी मोकळी होतात. पूर्वी तो प्रश्नच उद्भवत नसे. जोडपे कुलदैवताला जाऊन येई आणि सोबतीला एखादी आत्या, एखादी मामी व तिचे लहान मूल हमखास असे. ‘मधुचंद्र’ हा शब्दसुद्धा इंग्रजीवरून बेतलेला. १९६७ साली राजा ठाकूर यांनी त्या नावाचा मराठी चित्रपट काढला. पुढे आमच्या माळव्यातली जोडपी पचमढीला आणि अबूला जाऊ लागली, आणि त्याचीही सवय झाली. आता मागणी आणखी पुढे गेली आहे. लाटेवर फळी टाकून तीवर उभे राहण्याचा जो खेळ, ज्याला सर्फिंग म्हणतात, तो जेथे चांगला साधेल असेच ठिकाण काही मुलामुलींना हवे असते.

नानाखेड्यात आमच्याच घरी सध्या हा विषय चालू आहे. भाचीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. ती नोकरीनिमित्त बंगळुरूला असते आणि सुटी जोडून मंगळुरूजवळच्या मुल्कीला जाऊन हा खेळ शिकली आहे. नियोजित जावई ग्वाल्हेरचे, लष्करात वाढलेले. त्यांना पोहता येत नाही. तिला लाटा हव्यात आणि त्यांची काही हरकत नाही. हरकत आहे ती दोन्हीकडच्या बायकांची. “ती पाण्यात आणि तो काठावर तिचा टॉवेल धरून उभा, हा कसला मधुचंद्र?” असे माझ्या वडील बहिणीने विचारले. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. एवढेच की नवरा लाटांत डुंबतो आहे आणि नवी नवरी साडी सावरीत त्याच्या चपला सांभाळते आहे, अशी छायाचित्रे आपल्या प्रत्येक घराच्या अल्बमात आहेत. त्यांना आजवर कोणी नाव ठेवले नाही.

माझे मत असे की, जेथे सर्वांत मोठ्या लाटा आहेत ते ठिकाण मधुचंद्राला निवडूच नये. ज्याला येते त्याला खेळता येईल आणि ज्याला येत नाही त्याला त्याच पाण्यात, त्याच वेळी शिकता येईल, असे ठिकाण निवडावे. आणि ते निवडायचे तर आधी महिना पाहिला पाहिजे.

भूगोल शिकविण्यात माझी नोकरी गेली, म्हणून थोडे सांगण्याचा मोह आवरत नाही. आम्हा उज्जैनकरांना सर्वांत जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा. परंतु तेथे चिखल, गढूळ पाणी आणि भरती-ओहोटीची विलक्षण ओढ, तेव्हा या खेळाला तो निरुपयोगी. खेळायची लाट किनाऱ्यावर जन्मत नाही. दक्षिणेकडे हिंदी महासागरात वादळे उठतात, त्यांनी हललेले पाणी हजारो किलोमीटर प्रवास करून येते आणि तळ उथळ झाला की उभे राहून फुटते. ते नीट फुटावे यासाठी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हवा. शाळेत आपण घोकलेले ‘मतलई वारे’ ते हेच. ते रात्री सुटतात आणि सकाळपर्यंत टिकतात. दुपारी खारे वारे सुरू झाले की लाटेचा चेहरा विसकटतो. म्हणजे या खेळासाठी मधुचंद्रातही पहाटे उठावे लागते! ज्या नवदांपत्याला हे जमणार नाही त्यांनी पचमढीलाच जावे हे बरे. उलटपक्षी दुपार आणि संध्याकाळ मोकळी मिळते, ती सोय काही वाईट नाही.

आता आपले पंचांग आणि समुद्राचे पंचांग यांचा मेळ पाहा. चातुर्मासात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. कार्तिकी एकादशीच्या सुमारास येथे कालिदास समारोह सुरू होतो (१९५८ पासून चालत आलेली ही प्रथा), पाठोपाठ तुळशीचे लग्न लागते आणि मग घरोघरी मुहूर्त निघतात. नेमका चातुर्मास हाच पूर्व किनाऱ्यावरील लाटांचा भर असतो. तमिळनाडूत चेन्नईच्या दक्षिणेला कोवळम नावाचे कोळ्यांचे गाव आहे. केरळातले कोवळम निराळे. तेथील मूर्ती मेगवन या कोळी तरुणाने गावातल्या मुलांना या खेळाला लावले. त्याच किनाऱ्यावर महाबलिपुरमला २०२५ साली आशियाई सर्फिंग स्पर्धा झाल्या, त्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आपल्या श्रावणात. ज्यांचे लग्न ज्येष्ठात आहे त्यांनी तिकडे जरूर जावे, मात्र मद्रासी उन्हाची तयारी ठेवावी. त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्याचे नाव काढू नये. १ जून ते ३१ जुलै तेथे यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. जेथे दर्यावर्दी कोळी आपली होडी वर ओढून ठेवतो, तेथे माळव्यातून गेलेल्या जोडप्याने पाण्यात पाऊल टाकण्याचे कारण नाही.

मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ पश्चिम किनाऱ्याचा. लाटा लहान, पाणी कोमट, आकाश स्वच्छ. मुरलेल्या खेळाडूला ते मिळमिळीत वाटेल. नवशिक्याला तेच हवे असते. प्रवासी कंपन्या या दिवसांत बालीची भलामण करतात. बालीच्या लाटा जगप्रसिद्ध आहेत यात शंका नाही, पण नोव्हेंबर ते मार्च हा तिकडचा पावसाळा, हे पत्रकात छापलेले मला कोठे दिसले नाही. परदेशीच जायचे असेल तर श्रीलंकेचा दक्षिण किनारा बरा. हिवाळ्यात तिकडे समुद्र अनुकूल असतो आणि वेलिगामाच्या उपसागरात तळाला वाळू असल्यामुळे पडण्याचे भय कमी. गोव्याला मी नाव ठेवीत नाही. उत्तरेकडे मोरजी-अश्वे भागात शिकविणारे आहेत. पण डिसेंबरातली तिथली गर्दी आणि भाव पाहता नवीन संसाराची सुरुवात जरा स्वस्तात व्हावी असे वाटते.

म्हणून मी मुल्कीच्या बाजूचा आहे. शांभवी नदी तेथे समुद्राला मिळते. जॅक हेब्नर नावाच्या एका अमेरिकन वैष्णव संन्याशाने २००४ साली तेथे आश्रम काढून लाटा आणि हरिनाम यांची सांगड घातली. ‘सर्फिंग स्वामी’ या नावाने ते ओळखले गेले आणि आपल्या देशात हा खेळ रुजला तो बऱ्याच अंशी तिथून. उडुपीजवळ कोडी बेंगरे येथे इशिता मालवीय या मुंबईच्या मुलीने तुषार पथियान यांच्यासह २००७ मध्ये शाळा काढली. भारतातील पहिली स्त्री सर्फर म्हणून तिचे नाव घेतात. तिच्या आडनावातच माळवा आहे, हे मी बहिणीला मुद्दाम ऐकविले. शिवाय अवंतिका एक्स्प्रेसने एका रात्रीत मुंबई गाठली की पुढे कोकण रेल्वे, आणि मुल्की हे त्याच मार्गावरचे स्थानक. वाटेत रत्नागिरी लागते, कुडाळ लागते. आपल्यापैकी कितीतरी घराणी तिकडूनच शिंद्यांच्या चाकरीत इकडे आली. महाकालाचे मंदिर पुन्हा उभारणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हेही कोकणी शेणवीच. पाण्याची भीती आपण माळव्यात येऊन कमावली आहे.

बायको शिकलेली आणि नवरा नवशिका, यात नवऱ्याची अप्रतिष्ठा होते असे काहींना वाटते. अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथा आपल्या घरांत वाचल्या जातात. १९२२ साली ती आणि तिचा नवरा आर्ची जगप्रवासाला निघाले असता दक्षिण आफ्रिकेत या खेळाच्या नादी लागले, आणि पुढे हवाईत फळीवर उभे राहायलाही शिकले. दोघेही एकाच वेळी पडले, खरचटले, पुन्हा उठले. (सहा वर्षांनी त्यांचा काडीमोड झाला हेही सांगितले पाहिजे, नाहीतर बहीण सांगेल. लाटांचा त्यात काही दोष नव्हता.) नवशिक्याला पहिले काही दिवस कमरेएवढ्या पाण्यात, फुटून पांढऱ्या झालेल्या फेसातच ठेवतात; फळी मऊ फोमची असते आणि पायाला दोरीने बांधलेली. तेथे जो तो पडतोच. जिच्यासमोर पडायला लाज वाटणार नाही अशी बायको आहे की नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळले तर त्यात नुकसान काय?

एका गोष्टीत मात्र मी तडजोड करणार नाही. पोहणे आल्याशिवाय समुद्रात जायचे नाही, मग शिक्षक बरोबर असो वा नसो. देशावरची माणसे सहलीला जाऊन किनाऱ्यावर बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यांतले बहुतेक जण लाटेने नव्हे, तर परत फिरणाऱ्या पाण्याने नेलेले असतात. किनाऱ्यावर आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने माघारी जाते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न येता आडवे पोहून पट्ट्याबाहेर पडायचे असते. मुल्की काय आणि कोडी बेंगरे काय, दोन्ही नदीच्या मुखावरची ठिकाणे. ओहोटीला तेथे ओढ असते आणि कोणत्या बाजूला उतरायचे ते स्थानिक माणसालाच ठाऊक असते. त्याचे ऐकावे, आणि त्याचे पैसे देताना घासाघीस करू नये.

जावयांना मी हे सर्व फोनवर सांगितले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “मामा, तलाव लावला आहे. सध्या पंधरा मीटर जातो, मग भिंत धरतो.” मार्गशीर्षाला अजून चार महिने आहेत. भाचीने आठ दिवसांपैकी पहिले तीन दिवस त्यांच्याबरोबर फेसातच राहण्याचे कबूल केले आहे, आणि चौथ्या दिवशी पहाटे तिने आत जायचे असा करार झाला आहे. त्या सकाळी टॉवेल कोणी धरायचा यावर बहिणीचे माझ्याशी अद्याप एकमत झालेले नाही.