शाळेला किती मार्क?

अमेरिकेत राहणारी आपली मंडळी घर शोधतात, म्हणजे खरं तर शाळा शोधतात. तिथे सरकारी शाळेतला प्रवेश बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरतो. त्यामुळे आधी शाळेचं रेटिंग बघायचं, मग घर. दहापैकी नऊ असेल तर चार पैसे जास्त मोजायचीही तयारी. सध्या आमच्या भाच्याचं हेच चाललंय. तीन शाळांची माहिती पाठवून त्याने विचारलंय, "मामा, तुला काय वाटतं?" स्थापना अमुक साली, निकाल एवढा, फुटबॉलमध्ये इतक्या वेळा राज्यविजेते वगैरे. उत्तर जरा लांबलं, म्हणून इथेच लिहितोय.

आर्कान्सा राज्यात लिटल रॉक सेंट्रल हायस्कूल नावाची सरकारी शाळा आहे. 1927 साली 15 लाख डॉलर खर्चून ती बांधली. देशातली सर्वांत सुंदर हायस्कूल म्हणून तिचं कौतुक झालं. ती फक्त गोऱ्या मुलांसाठी होती. दोन वर्षांनी त्याच शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी डनबार हायस्कूल उभं राहिलं, ते 4 लाखांत. घरं एकाच गावातली, पण पत्ता बघून नव्हे तर कातडी बघून शाळा!

1954 साली सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांतली ही विभागणी घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबर 1957 मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलं सेंट्रलच्या दारात आली, तेव्हा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्डचे सैनिक उभे करून त्यांना अडवलं. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावं लागलं. हा भाग बहुतेकांना माहीत असतो. मला त्याच्या पुढचा जास्त महत्त्वाचा वाटतो.

मुलं वर्गात बसली, पण खेळ, बँड, गायनवृंद यांत भाग घ्यायचा नाही, अशी त्यांच्यावर अट होती. जेफरसन थॉमस आधीच्या शाळेत धावण्याच्या शर्यतींत भाग घ्यायचा. अर्नेस्ट ग्रीन सॅक्सोफोन वाजवायचा. सेंट्रलमध्ये दोन्ही बंद. आणि त्याच 1957 च्या हंगामात सेंट्रलचा फुटबॉल संघ एकही सामना हरला नाही! मे 1958 मध्ये ग्रीन तिथून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. समारंभाला मार्टिन ल्यूथर किंग हजर होते. ग्रीनचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत.

पुढच्या वर्षी तर कमालच झाली. एकत्र शिक्षण नको म्हणून फॉबस यांनी शहरातली चारही सरकारी हायस्कूलं बंद केली. 1958-59 चं ते अख्खं वर्ष गेलं. साडेतीन हजारांवर मुलांची, गोऱ्यांचीसुद्धा, शाळा सुटली. शिक्षक करारामुळे रिकाम्या वर्गात येऊन बसायचे. फुटबॉलचे सामने मात्र चालू राहिले. वर्ग नाही, फळा नाही, पण संघ आहे!

आता मला सांगा, 1957 साली रेटिंगच्या वेबसाइट असत्या, तर सेंट्रलला किती मार्क मिळाले असते? इमारत देखणी, निकाल चांगला, संघ अजिंक्य. दहापैकी दहा! आणि त्यातला एकही आकडा खोटा नसता.

भाचा म्हणेल, "मामा, मला घर घ्यायचंय, चळवळ नाही करायची." बरोबर आहे रे. चांगलं शिकवणारी शाळा हवी यात काहीच गैर नाही. पण आकडा सांगतो की शाळेत असलेल्यांचं काय झालं. दाराबाहेर कोण राहिलं आणि आत येऊनही बाकावर कोण बसून राहिलं, हे तो सांगत नाही. ते आपण विचारायचं. अवघड विषयांच्या वर्गांत सगळ्या तऱ्हेच्या घरांतली मुलं दिसतात का? संघात यायचं तर कोचिंगला पैसे मोजावे लागतात का? उद्या आपलंच पोर सावळं, वेगळ्या नावाचं, डब्यात पोळीभाजी नेणारं म्हणून तिथे जाणार आहे. हा प्रश्न परोपकाराचा नाही, आपलाही आहे.

सेंट्रल आजही चालू आहे. 1998 पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि तिथे रोज तासही भरतात. मे 1959 मध्ये शाळा मंडळातल्या काही सभासदांनी 44 शिक्षक-कर्मचाऱ्यांना काढायचं ठरवलं, तेव्हा गावातल्या लोकांनीच मतदान करून त्या सभासदांना घरी बसवलं. ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. माझ्या मते त्या शाळेच्या इतिहासातला हा विजय कुठल्याही करंडकापेक्षा मोठा आहे.

तेव्हा भाचेबुवा, रेटिंग बघाच, पण एकदा मधल्या सुट्टीत त्या शाळेत चक्कर मारून या. कोण कोणाबरोबर जेवतंय ते बघा, आणि मग मामाला कळवा.