दिवाणखान्यात बसावयाचे कोणी?

दांडिया बाजारातले जुने घर सोडून आम्ही तरसालीस राहावयास आलो, त्याला आता सहा वर्षे होतील. माकरपुऱ्याच्या बाजूचे एक खेडे, एवढीच तरसालीची ओळख माझ्या वडिलांना होती. तेथे कोणी बडोदेकर आपण होऊन बिऱ्हाड नेईल हे त्यांना खरे वाटले नसते. आता तेथे सोसायट्यांची दाटी झाली आहे, आणि टेनामेंटांच्या फाटकांवर आपल्यापैकी पुष्कळांची आडनावे वाचावयास मिळतात.

घर बदलताना माणसे सामानाची यादी करतात, तशी आम्हीही केली. झोपाळा, त्याच्या पितळी कड्या, तांब्याचा बंब, घंगाळ, शिसवी पाट आणि वडिलांची सागवानी हातांची खुर्ची. सजावटीचे काम ज्या तरुणाकडे दिले होते, त्याने ही यादी मोठ्या आस्थेने पाहिली. बंबात दिवा बसवून तो कोपऱ्यात ठेवावा, घंगाळात कागदी कमळे मांडावी, पाट भिंतीवर टांगावे असे त्याने सुचविले. ज्या पाटांवर चार पिढ्या जेवल्या ते भिंतीवर चढले, आणि जेवणारे टेबलाशी बसले. त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. गुडघे दुखू लागले की टेबलाचे महत्त्व कळते.

माझे भांडण झाले ते झोपाळ्यावरून. त्याला छताखाली दुसरे खोटे छत घालून त्यात दिवे लपवावयाचे होते, आणि तसे केले असते तर स्लॅबमधले आकडे झाकले जाणार होते. गुजरातेत बहुतेक घरांत स्लॅब भरण्यापूर्वीच सळ्यांना बांधून हे आकडे ठेवतात. मागाहून भोक पाडून बसविलेल्या आकड्यावर दोन-तीन माणसांचा हलता भार इंजिनिअरला विचारल्यावाचून टाकू नये. बडोद्यास आल्यावर आपल्या लोकांनी जे काही उत्तम उचलले त्यांत हा झोपाळा आहे, तो गेला तर घरातले बडोदेपणच गेले, असे मी बरेच काही बोललो. खोटे छत रद्द झाले. झोपाळा दिवाणखान्याच्या मधोमध लागला आणि त्याच्या तीन बाजूंना नवे सोफे आले. येणारा-जाणारा वाखाणणी करी, आणि मी ती आनंदाने स्वीकारी.

सहा-सात महिन्यांनी दांडिया बाजारातल्या एक जुन्या शेजारीण आईला भेटावयास आल्या. त्यांना सोफ्यावर बसविले. थोड्या वेळाने आईने त्यांना आत आपल्या खोलीत बोलावून घेतले, आणि दोघी पलंगाच्या कडेला बसून दीड तास बोलत राहिल्या. त्या गेल्यावर मी विचारले, "बाहेर का नाही बसलात?" आई म्हणाली, "त्या सोफ्यातून मला उठता येत नाही. आणि तुझ्या झोपाळ्यावर बसायचं तर तो धरून ठेवायला माणूस लागतो."

आईचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी होते. एवढे महिने ती दिवाणखान्यात बसलेली नव्हती, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आले नव्हते! झोपाळ्यासाठी मी जे भांडलो, ते तिच्या पिढीची बाजू घेऊन भांडतो आहे अशा समजुतीने. तिला मात्र एका शब्दाने विचारले नव्हते.

सोफ्याचा दोष समजण्यास मोठे शास्त्र नको. बैठक खोल आणि बुटकी असली की गुडघे कमरेपेक्षा वर येतात, पाठ मागे पडते, आणि उठताना सगळा जोर मांड्यांवर येतो. म्हाताऱ्या माणसाच्या मांड्यांत तो उरलेला नसतो. बैठक गुडघ्याइतकी उंच हवी आणि हात टेकावयास दोन्ही बाजूंना घट्ट आधार हवा. संखेड्याच्या कारागिरांनी लाखेने रंगविलेल्या सागवानी खुर्च्या नीट पाहा. त्यांच्या लाल-सोनेरी थाटावरच आपले लक्ष जाते, पण ताठ पाठ आणि कातलेले हात ही त्यांची खरी सोय आहे. आपण मात्र त्यांची चिमुकली प्रतिकृती आणून काचेच्या कपाटात ठेवतो.

जुनी घरे सजविलेली नसत, असे कोणी म्हणू नये. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा आजही उभा आहे, आणि त्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. पण ती सारी शोभा भिंतीवर होती. जमीन माणसांसाठी मोकळी असे. गादी-तक्के, पाट, चटया लागतील तेव्हा येत आणि काम झाले की उचलल्या जात. एकाच सोप्यात सकाळी हिशेब होई, दुपारी धान्य निवडले जाई, रात्री मुले झोपत. हल्ली खोली आधी सामानाने भरते, आणि मग माणसे वाट काढीत तिच्यात वावरतात. तरसालीच्या बारा फुटी दिवाणखान्यात तर ही वाट एकाच माणसापुरती उरते.

वडिलांची खुर्ची गच्चीवर ताडपत्रीखाली पडली होती. "कुठल्याच रंगाशी जुळत नाही" म्हणून ती वगळली गेली होती, आणि त्या निर्णयाला माझीही संमती होती, हे लपविण्यात अर्थ नाही. ती खाली आणली, वेत नव्याने विणून घेतला, आणि एक सोफा काढून तिच्यासाठी खिडकीपाशी जागा केली. तेथून फाटक दिसते, भाजीची हातगाडी दिसते, शाळेची बस दिसते. सूनबाईने तिच्यावर एक पातळ उशी शिवून घातली. रंग अजूनही जुळत नाही.

आई आता सकाळी आठापासून तेथे असते. भाजीवाल्याशी भावाची घासाघीस खिडकीतूनच चालते, आणि फाटकातून येणारे प्रत्येक माणूस प्रथम तिच्या नजरेखालून जाते. झोपाळ्यावर सध्या बहुधा वर्तमानपत्रे आणि नातवाचे दप्तर असते. तो ठेवावा की काढावा, हे मी आईला परवा विचारले. ती म्हणाली, "तुला हवा असेल तर ठेव."